सागरतळाचा यात्रिक : जॅक कुस्तो

सातारा जिल्ह्यातील आमच्या कृष्णाकाठच्या गावी पाठीला भोपळा बांधून मी पोहायला शिकलो. घरात पुस्तक उघडणारा मी पहिलाच. सांगलीला महाविद्यालयात आल्यावर जॅक कुस्तो यांचे चरित्र वाचनात आले.

१९१० साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या या नौदल अधिकाऱ्याला व्हायचे होते वैमानिक. पण एका मोटार अपघातात हात जायबंदी झाले. हातांत बळ यावे म्हणून ते समुद्रात पोहू लागले आणि तेथेच रमले. १९४३ मध्ये एमिल गान्यां या अभियंत्याच्या साथीने त्यांनी पाणबुड्याला श्वासागणिक लागेल तेवढीच हवा देणारे उपकरण तयार केले. माणूस माशासारखा प्रवाळांच्या रानात हिंडू लागला.

पण त्यांच्या १९५६ च्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळांत सुरुंग उडवल्याचे दृश्य आहे. पुढे याच कुस्तोंनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत समुद्र वाचवण्यासाठी जगभर आवाज उठवला.

हे वाचून मी अस्वस्थ झालो. विहिरीच्या कामातला उरलेला सुरुंग डोहात उडवला, तेव्हा पाटी घेऊन मीही काठावर उभा होतो. बोटाएवढी पिलेही पोट वर करून तरंगत होती. कुस्तो बदलले. यंदा सुट्टीत मी पाटी धरणार नाही, एवढे तरी चुलत्यांना सांगेन.