एका विद्वानाची श्रद्धा : जॉन हेन्री न्यूमन

गेल्या वर्षी प्रथम वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी सूचना फलकासमोर बराच वेळ उभा होतो. इंग्रजीत मी नापास झालो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते. मी पास व्हावे म्हणून आई ग्रामदेवीला नवस बोलली होती आणि तिने मंगळवार धरले होते. निकालाच्या दिवशी माझ्या अपयशाचा राग मी तिच्या नवसावर काढला. तर्कशास्त्राच्या तासाला वर्षभर जे शिकलो होतो ते सारे तिला ऐकवले. ती काहीच बोलली नाही. ताट वाढून दिले आणि चुलीपाशी जाऊन बसली.

इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायचा म्हणून सरांनी मला एक जुने गद्यवेच्यांचे पुस्तक दिले. त्यात जॉन हेन्री न्यूमन यांचा एक उतारा होता. उतारा मला फारसा कळला नाही. पण त्यावरच्या टिपेत वाचले की, हे गृहस्थ एकोणिसाव्या वर्षी परीक्षेत सपशेल कोसळले होते. माझेही वय एकोणीसच. तेवढ्या कारणाने मी वाचनालयातून त्यांचे चरित्र घेतले.

न्यूमन यांचा जन्म लंडनमध्ये २१ फेब्रुवारी १८०१ रोजी झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील एका पेढीचे भागीदार होते. १८१६ साली पेढी बसली आणि सुखवस्तू घर एकाएकी अडचणीत आले. त्याच वर्षी पंधरा वर्षांचे न्यूमन आजारी पडले आणि त्या एकांतात त्यांच्या मनात मोठा पालट झाला. देव आहे ही गोष्ट त्यांना स्वतःच्या अस्तित्वाइतकी खरी वाटू लागली. ही खात्री पुढे आयुष्यात कधीही ढळली नाही.

१८१७ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात राहावयास गेले. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या आशा त्यांच्यावर खिळल्या. दिवसाचे बारा-बारा तास ते अभ्यास करीत. पण १८२० च्या हिवाळ्यात परीक्षेला बसले तेव्हा शरीर आणि मन दोन्ही थकून गेले होते. गणिताच्या गुणवत्ता यादीत त्यांचे नाव आलेच नाही आणि ग्रीक-लॅटिनच्या यादीत ते अगदी खालच्या भागात लागले. पुढच्याच वर्षी वडिलांचे दिवाळे निघाले.

अशा वेळी कोणीही लहानसहान नोकरी धरली असती. न्यूमन यांनी मात्र ओरिएल कॉलेजच्या फेलोशिपच्या परीक्षेला बसण्याचे ठरविले. ओरिएल हे त्या काळी ऑक्सफर्डमधील विद्वानांचे सर्वांत नावाजलेले कॉलेज. परीक्षा चालू असतानाच त्यांचा धीर सुटत चालला होता. तेव्हा ट्रिनिटीमधील त्यांचे शिक्षक टॉमस शॉर्ट यांनी त्यांना बोलावून उभारी दिली. १२ एप्रिल १८२२ रोजी निवड झाल्याचा निरोप घेऊन नोकर आला तेव्हा न्यूमन व्हायोलिन वाजवीत होते. काही विशेष घडले नाही असे दाखवून ते वाजवीतच राहिले आणि नोकराची पाठ वळताच जिना उतरून धावत सुटले. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला.

धर्माची दीक्षा घेऊन ते पाद्री झाले, १८२६ साली ओरिएलमध्ये ट्यूटर झाले आणि १८२८ मध्ये विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चची धुरा त्यांच्याकडे आली. ट्यूटर म्हणजे केवळ पाठ घेणारा शिक्षक, असे कॉलेजचे प्रमुख मानत. विद्यार्थ्याच्या मनाची आणि चारित्र्याची काळजी वाहणे हे शिक्षकाचे धर्मकार्यच आहे, असे न्यूमन मानत. हा वाद इतका विकोपाला गेला की, १८३० पासून त्यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणे बंद झाले. पण सेंट मेरीमध्ये रविवारी दुपारी चार वाजता त्यांचे प्रवचन ऐकायला तेच विद्यार्थी गर्दी करू लागले. हातवारे नाहीत, आवाजाचा चढउतार नाही. लिहून आणलेले कागद ते शांतपणे वाचीत.

१८३३ मध्ये सिसिलीत ते मरणाच्या दारातून परत आले. परतीच्या सागरप्रवासात त्यांनी एक प्रार्थनागीत लिहिले. ‘लीड काइंडली लाइट’ या नावाने ते जगभर गेले. महात्मा गांधींना ते फार प्रिय होते आणि नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे गुजराती रूपांतर केले. इंग्लंडला परतल्यावर न्यूमन, जॉन कीबल इत्यादी मित्रांनी लहान लहान पुस्तिका काढून ऑक्सफर्ड चळवळ सुरू केली. चर्च हे सरकारचे एक खाते नव्हे, त्याचे मूळ येशूच्या पहिल्या शिष्यांपर्यंत जाते, हा तिचा गाभा होता.

पण ज्यांनी इतरांना जुना इतिहास तपासायला सांगितले, त्यांना तो स्वतःलाही तपासावा लागला. १८३९ च्या सुटीत प्राचीन चर्चचा इतिहास वाचताना, आपले इंग्लंडचे चर्चच वाट चुकले नाही ना, ही शंका त्यांच्या मनात शिरली. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेताना इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. १८४१ साली निघालेल्या नव्वदाव्या पुस्तिकेत या कलमांचा अर्थ प्राचीन कॅथलिक शिकवणुकीशी जुळवून लावता येतो, असे न्यूमन यांनी मांडले. विद्यापीठात गहजब झाला आणि कॉलेजप्रमुखांनी पुस्तिकेवर जाहीर ठपका ठेवला. न्यूमन जवळच्या लिटलमोर खेड्यात जाऊन राहिले. १८४३ मध्ये त्यांनी सेंट मेरी सोडले, १८४५ च्या ऑक्टोबरात फेलोशिपचा राजीनामा दिला आणि ९ ऑक्टोबरला रोमन कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला.

या निर्णयाची किंमत काय पडली, हे ध्यानी घेतले पाहिजे. मानाची जागा गेली, मिळकत गेली. जन्माचे मित्र दुरावले. हॅरिएट या बहिणीने संबंध तोडले. आणि ऑक्सफर्ड सुटले. ट्रिनिटीत त्यांच्या खोलीसमोरच्या भिंतीवर स्नॅपड्रॅगनची फुले उगवत. आपणही असेच जन्मभर इथे राहू, असे त्यांना वाटे. पुढे कित्येक वर्षे आगगाडीतून दिसणारे मनोरे तेवढे त्यांच्या वाट्याला आले.

त्यानंतर बर्मिंगहॅम येथे त्यांनी धर्मबंधूंचा मठ स्थापिला. आयर्लंडच्या धर्माधिकाऱ्यांच्या बोलावण्यावरून डब्लिनला नवे कॅथलिक विद्यापीठ उभारण्याचे काम पत्करले. १८५४ ते १८५८ ते त्याचे रेक्टर होते. त्या निमित्ताने १८५२ मध्ये दिलेली व्याख्याने ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ या ग्रंथात आहेत. ज्ञान हे स्वतःच एक मोलाची गोष्ट आहे. धर्मज्ञानाला विद्यापीठातून हद्दपार केले तर ज्ञान अपुरे राहते. मात्र धर्मानेही विज्ञानाच्या शोधात भिऊन आडवे येऊ नये, असे त्यांचे म्हणणे. नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठापेक्षा तरुणांना तीन-चार वर्षे एकत्र राहू देणारे विद्यापीठ त्यांना अधिक पसंत होते, मग तिथे परीक्षा नसल्या तरी चालतील. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठीच, हे वाचून मला गंमत वाटली. पण वसतिगृहात मित्रांनी रात्री जागून माझे इंग्रजी सुधारले आणि मी तो पेपर सोडविला, तेव्हा न्यूमन यांचे म्हणणे मला पटले.

१८६४ मध्ये चार्ल्स किंग्झ्ली या लेखकाने त्यांच्या सचोटीवरच शिंतोडे उडविले. उत्तरादाखल न्यूमन यांनी आपल्या मतांचा सारा इतिहास आठवड्या-आठवड्याला लिहून प्रसिद्ध केला. ‘अपोलोजिया’ या नावाचे ते आत्मचरित्र वाचून विरोधकांनाही त्यांच्या प्रामाणिकपणाची खात्री पटली.

परंतु मला स्वतःला अंतर्मुख केले ते १८७० च्या ‘ग्रामर ऑफ असेंट’ने. त्यातील मुख्य विचार सरांनी मला समजावून सांगितला. साध्या, अशिक्षित माणसाला आपल्या श्रद्धेची कारणे मांडता येत नाहीत, म्हणून ती श्रद्धा अविचारी ठरते काय? न्यूमन म्हणतात, नाही. हवामान ओळखणारा शेतकरी उद्या हवा चांगली राहील असे सांगतो. पण का, हे त्याला सांगता येत नाही. अनेक बारीकसारीक खुणा एकत्र येऊन मनाची खात्री होत असते. ऑक्सफर्डमधल्या अव्वल तर्कपंडितांत वाढलेल्या माणसाने उतारवयात एवढा ग्रंथ लिहिला, त्यात खेड्यातल्या माणसाची बाजू होती.

१८७७ च्या अखेरीस ट्रिनिटीने त्यांना पहिले सन्माननीय फेलो निवडले. १८७८ मध्ये, बत्तीस वर्षांनी, ते ऑक्सफर्डला आले आणि धीर देणाऱ्या वृद्ध टॉमस शॉर्ट यांना भेटले. १८७९ मध्ये ते कार्डिनल झाले. ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅमला त्यांचे निधन झाले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी चर्चने त्यांना संतपद दिले.

मी ख्रिस्ती नाही आणि नवसाने परीक्षा पास होता येते असे मला आजही वाटत नाही. पण न्यूमन यांनी विचार केला तो स्वतःला तपासण्यासाठी आणि त्याची किंमत स्वतः मोजली. मी माझा विचार वापरला तो आईला गप्प करण्यासाठी, आणि त्याची किंमत तिने मोजली. दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा हे तिला सांगायचे ठरवले होते. ते जमले नाही. नवस फेडायला ती देवळात निघाली तेव्हा नारळाची पिशवी मात्र मी उचलली आणि तिच्याबरोबर गेलो.