प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : झिजलेल्या नाण्यांचे गणित

सिल्वासाप्रमाणेच त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. बौद्ध विद्येचे गाढे व्यासंगी धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी संपादन करून दामोदर स्वदेशी परतले. बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

संख्याशास्त्राचा कस पाहण्यासाठी त्यांनी तक्षशिलेस सापडलेली चांदीची आहत नाणी निवडली. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना सन. मग त्यांतील आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ओळखावे कसे? कोसंबींनी तराजूचा आधार घेतला. हातोहात फिरणारे नाणे कणाकणाने झिजते. एखादे नाणे किती झिजेल, हे कोणी सांगू शकत नाही. तथापि एकाच वेळी पाडलेल्या शेकडो नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर नियमाने घटते. शिवाय काही नाणी फार फिरतात, काही पेटीत पडून राहतात. त्यामुळे त्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते.

परंतु हे अनुमान खरे कशावरून? त्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणी हजारोंच्या संख्येने तोलली. त्यांवर सन छापलेले असल्याने वय ठाऊक होते. तेथे नियम पडताळल्यावरच त्यांनी तो प्राचीन नाण्यांना लावला आणि वजनांवरून त्यांचा पौर्वापर्यक्रम मांडला. पुराणवस्तूंच्या अभ्यासाला अशा रीतीने संभाव्यतेच्या गणिताची जोड मिळाली.

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९५९ साली मूळ संख्यांविषयीच्या रीमानच्या प्रसिद्ध सिद्धांतकल्पनेची सिद्धता त्यांनी संभाव्यतेच्याच मार्गाने मांडली. ती मात्र गणितज्ञांनी ग्राह्य मानली नाही. नाणी तोलून पाहता येत होती. येथे निर्दोष युक्तिवादावाचून दुसरा तराजू नव्हता. त्यांच्या कीर्तीला हा मोठाच धक्का होता. १९६२ मध्ये संस्थेतील त्यांची नेमणूक संपली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

अनिश्चिततेतही नियम शोधता येतो. पण पडताळ्यावाचून तो स्वीकारता येत नाही. कोसंबींच्या यशाने हे शिकविले, तसेच त्यांच्या अपयशानेही.