बोधगयेचा ध्यास घेतलेला अनागारिक

२२ जानेवारी १८९१ रोजी श्रीलंकेतील सव्वीस वर्षांचा एक तरुण कोझेन गुणरत्न या जपानी भिक्खूसह बोधगयेस पोहोचला. वज्रासनावर मस्तक टेकवताच, हे स्थान बौद्धांच्या हाती येईपर्यंत येथून हलायचे नाही, असा संकल्प त्याने केला. त्या संकल्पापायी पुढची बेचाळीस वर्षे खर्ची पडली.

अनागारिक धर्मपाल यांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोत झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. वडिलांचा लाकडी सामानाचा मोठा व्यापार होता. मिशनरी शाळांत शिकलेल्या या मुलावर कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हाट्स्की यांचा प्रभाव पडला. पुढे त्यांनी घर सोडले. मात्र भिक्खूची दीक्षा न घेता 'अनागारिक' म्हणजे गृहहीन उपासक हा मधला मार्ग पत्करला.

बोधगयेचे मंदिर तेव्हा भग्नावस्थेत नव्हते. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने पाठविलेल्या मंडळींनी डागडुजीस हात घातला होता आणि १८८०च्या दशकात कनिंगहॅम व बेगलर यांच्या देखरेखीखाली सरकारने जीर्णोद्धार पूर्ण केला होता. दगड सावरले गेले, पण ताबा गिरी संप्रदायाच्या शैव महंतांकडेच राहिला. वास्तू वाचविणे म्हणजे तीर्थ वाचविणे नव्हे, हे धर्मपालांनी नेमके ओळखले. अर्थात, महंतांच्या मठाची तेथील वहिवाट कित्येक पिढ्यांची होती, हेही विसरता येत नाही.

३१ मे १८९१ रोजी त्यांनी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी नियतकालिक सुरू झाले. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस ते गेले. परतीच्या वाटेवर होनोलुलूत भेटलेल्या मेरी फॉस्टर या बाईंनी पुढे त्यांच्या कार्याला सढळ हाताने पैसा पुरविला.

खरा संघर्ष पेटला तो २५ फेब्रुवारी १८९५ रोजी. जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसविण्याचा धर्मपालांनी प्रयत्न केला. महंतांच्या माणसांनी ती हटविली. गयेच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्या माणसांना दोषी ठरविले, पण कलकत्ता उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मूर्ती जवळच्या ब्रह्मी विश्रामगृहात ठेवावी लागली. पुढे त्या जागेवरूनही खटला उभा राहिला आणि १९१०मध्ये तीही सोडावी लागली. ज्या सरकारने मंदिर दुरुस्त केले, त्याने मालकीच्या वादात हात झटकले.

न्यायालयात हरलेला हा माणूस यात्रेकरूंच्या बाबतीत मात्र जिंकला. सोसायटीने बोधगयेत धर्मशाळा बांधली आणि बौद्ध देशांतील भाविकांना या वाटेची पुन्हा ओळख करून दिली. मायदेशात त्यांची लेखणी इतर समाजांविषयी कमालीची कठोर होई, हा त्यांच्या चरित्राचा झाकता न येणारा भाग आहे. १९१५च्या दंगलींनंतर इंग्रजांनी त्यांना कलकत्त्यात स्थानबद्ध केले. धाकटा भाऊ एडमंड तुरुंगातच मरण पावला.

मग सारे बळ सारनाथकडे वळले. ११ नोव्हेंबर १९३१ रोजी तेथे मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. बोधगयेच्या वृक्षाचीच संतती मानल्या जाणाऱ्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप तेथे लावण्यात आले. १९३३च्या आरंभी त्यांनी अखेर उपसंपदा घेतली आणि २९ एप्रिलला सारनाथ येथेच देह ठेवला. बोधगया तेव्हाही महंतांकडेच होती.

१९४९ साली बिहार विधिमंडळाने कायदा केला आणि १९५३मध्ये व्यवस्थापन नव्या समितीकडे आले: चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी. २००२ साली मंदिर जागतिक वारसा ठरले. पण धर्मपालांनी मागितला होता तो बौद्धांचा संपूर्ण अधिकार. त्याच मागणीसाठी १९९२मध्ये नागपूरचे भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि २०२५मध्ये भिक्खू पुन्हा बोधगयेत धरणे धरून बसले.