शिष्यवृत्तीची मुदत

जुन्नर-आंबेगावातील एखाद्या पदवीधराला संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती मिळाली की घरात पहिली चौकशी होते ती रकमेची. मुदतीचा प्रश्न मागाहून, बहुधा प्रबंध अर्धा राहिल्यावर, उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. तिच्यामागचा पैशाचा आणि दिवसांचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकल्यामुळे सयाजीराव गायकवाडांकडून एल्फिन्स्टन कॉलेजातच त्यांना दरमहा २५ रुपये मिळत होते. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोदे संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी पाठविण्याचे ठरविले, तेव्हा भीमरावांनी अर्ज केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करार जूनमध्ये झाला. त्या तुटपुंज्या रकमेतूनच घरीही पैसे पाठवावयाचे होते.

१९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क सोडून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. वाढवून मिळालेले एक वर्ष १९१७ च्या जूनमध्ये संपले आणि काम अर्धे टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली, एवढाच दिलासा. महायुद्धाचे दिवस, त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. हानीच्या भरपाईतूनच बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली!

बडोद्यात जे घडले ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. ज्या संस्थानाने चार वर्षे परदेशी शिकविले, त्याच्याच राजधानीत अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून हाकलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. दरबाराच्या तिजोरीत शिष्यवृत्तीची तरतूद होती. नगरात बिऱ्हाडाची नव्हती.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या शिदोरीवर १९२० मध्ये, म्हणजे मुदत उलटण्यापूर्वी, त्यांनी लंडन गाठले. दुसऱ्या वर्षी एम. एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपत आले होते. दुरुस्त्या मुंबईत करून तो पुन्हा धाडला आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. पदरात पडली.

कोलंबियाची डॉक्टरेट अजून राहिलीच होती, कारण तेथे प्रबंध छापून प्रती दाखल कराव्या लागत. छपाईचा खर्च शिष्यवृत्तीत कोठून असणार? प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला निघाला, आणि बाबासाहेबांनी तो सयाजीरावांनाच अर्पण केला. पीएच. डी. १९२७ च्या जूनमध्ये मिळाली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यापूर्वी तीन महिने, मार्चमध्ये, त्यांनी ओंजळीत घेतले होते.