पाचशे पौंड आणि एक खिडकी : सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट

आता घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा. मिरजेला, बेळगावला, पणजीला, मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकलेले घर आपल्याकडे शोधावे लागत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. औषधोपचार संपलेला असतो, पण दुखणं संपलेलं नसतं. तिथून पुढचे आठवडे, कधी महिने, पेशंटने आणि घरच्यांनी काय करायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसते.

हे उत्तर शोधण्यात एका इंग्रज बाईने आपले सगळे आयुष्य घातले. त्यांचे नाव सिसिली सॉन्डर्स. आज जगभर हॉस्पिस नावाची जी शुश्रूषागृहे दिसतात, मरणाच्या वाटेवरच्या माणसाला वेदनेशिवाय आणि एकटे न सोडता सांभाळणारी, ती ज्या रूपात आपण ओळखतो ते रूप त्यांनी दिले. आणि ते उभे राहिले सरकारी हुकमाने नव्हे, तर लोकांनी दिलेल्या पैशावर आणि लोकांच्या हातांवर. त्यातली पहिली देणगी तर एका मरणासन्न वेटरची होती.

सिसिली यांचा जन्म 22 जून 1918 चा, लंडनच्या उत्तरेला बार्नेट इथला. वडील जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते, घरात पैशाला तोटा नव्हता. आईवडिलांचे मात्र पटत नव्हते, पुढे ते वेगळे झाले. दोन धाकटे भाऊ. मुलगी उंच, लाजरी, पाठीच्या कण्यात थोडा बाक. बोर्डिंग शाळेत ती फारशी कुणात मिसळली नाही. एकटे पडणे म्हणजे काय हे तिला लवकर कळले.

ऑक्सफर्डला राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकायला ती गेली आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. अभ्यास अर्ध्यावर टाकून 1940 मध्ये तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगला नाव घातले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने सुरू केलेली ही शाळा. काम तिला मनापासून आवडले, पण पाठीने दगा दिला. नर्सचे काम म्हणजे पेशंटला उचलणे, वळवणे, तासन्‌तास उभे राहणे. डॉक्टरांनी ते सोडायला लावले. मग पुन्हा ऑक्सफर्ड, आणि तिथून परत रुग्णालयात, पण आता समाजसेविका म्हणून. पेशंटच्या घरची परिस्थिती बघायची, पैशाची, राहण्याची सोय लावायची, असे ते काम.

याच कामात 1947 मध्ये त्यांची गाठ डेव्हिड तास्मा यांच्याशी पडली. तास्मा पोलंडहून आलेले ज्यू. युद्धात मागे वॉर्सात काय झाले हे जगाला माहीत आहे. लंडनमध्ये ते वेटर होते. वय चाळिशीचे, कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, आणि जवळचे म्हणावे असे कुणी नाही. सिसिली जवळजवळ दोन महिने त्यांच्या खाटेपाशी जात राहिल्या. बोलणे व्हायचे ते आजाराबद्दल कमी आणि आयुष्याबद्दल जास्त. आपण जगलो त्याची काहीच खूण मागे राहणार नाही, ही तास्मांची खंत होती. गजबजलेल्या सर्जिकल वॉर्डापेक्षा वेगळी, अशा माणसांसाठीच असलेली एखादी जागा असावी, हा विषय त्या दोघांच्या बोलण्यातच निघाला.

25 फेब्रुवारी 1948 रोजी तास्मा गेले. जाताना त्यांनी सिसिली यांच्या नावे पाचशे पौंड ठेवले. त्या वेळच्या दराने साडेसहा हजार रुपयांच्या थोडे वर. हॉटेलात ताटे उचलणाऱ्या माणसाची ही जमापुंजी. बाई जे घर बांधतील त्यात मी एक खिडकी होईन, असा त्यांचा आशय होता. घर कुठे, केव्हा, कसे, यातले काहीच ठरलेले नव्हते. खिडकी तेवढी आधी आली. घर त्यानंतर 19 वर्षांनी.

ही 19 वर्षे नीट बघण्यासारखी आहेत. कारण पाचशे पौंड हाती आल्यावर एखाद्याने लगेच फलक लावला असता, पावतीपुस्तके छापली असती. सिसिली यांनी तसे केले नाही. आधी दुखणे समजून घ्यायचे ठरवले.

संध्याकाळी नोकरी सुटल्यावर त्या सेंट ल्यूक्स नावाच्या संस्थेत फुकट काम करायला जाऊ लागल्या. गरीब मरणासन्नांसाठी 1893 मध्ये सुरू झालेले ते घर. तिथे त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. इतर रुग्णालयांत वेदनाशामक औषध मिळायचे ते पेशंट कळवळून मागेल तेव्हा, तेही हात आखडता घेऊन, कारण व्यसन लागेल ही भीती. ल्यूक्समध्ये ते घड्याळ बघून दिले जायचे. वेदना परत डोके वर काढायच्या आधीच पुढचा डोस. एवढाच फरक. पण त्याने माणूस दुखण्याची वाट बघत पडून राहत नसे. तो बोलायचा, जेवायचा, झोपायचा.

हे सगळीकडे का होत नाही, असा प्रश्न त्यांना पडणे साहजिक होते. नॉर्मन बॅरेट या सर्जनकडे त्या काम करत होत्या (अन्ननलिकेच्या एका विकाराला आजही या बॅरेट यांचे नाव आहे). नर्सचे किंवा समाजसेविकेचे कुणी ऐकणार नाही, मरणाऱ्याला वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच, तेव्हा तूच डॉक्टर हो, असा त्यांचा सल्ला. 1951 मध्ये, 33 व्या वर्षी, सिसिली वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला बसल्या. 1957 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. तीनही बाजूंनी तीच खाट पाहिलेली माणसे कमीच असतात.

पुढच्या वर्षी त्या पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातल्या सेंट जोसेफ्स या हॉस्पिसमध्ये गेल्या. आयरिश सिस्टर्स ते चालवत. सेवा मनोभावे होती, पण औषधांचे शास्त्र नव्हते. सिसिली यांनी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन ठरावीक तासांनी द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली. नोंदी हजारावर गेल्या. त्यांचे बोलणे टेप केले, फोटो काढले. डोस नीट बेतून दिला तर पेशंट गुंगीत जात नाही, व्यसनी होत नाही आणि डोस अमर्याद वाढवतही न्यावा लागत नाही, हे त्या डॉक्टरांच्या सभांमध्ये आकड्यांनिशी सांगू लागल्या. नुसती कळकळ असती तर त्यांना चहा पाजून वाटेला लावले असते. नोंदवह्यांना उत्तर देणे अवघड होते.

इथेच त्यांनी संपूर्ण वेदना ही कल्पना मांडली. एका बाईला काय होतंय असं विचारलं. तिने पाठीपासून सुरुवात केली आणि मग नवरा, मुलगा, पैसे, भीती, सगळे त्यात येत गेले. सिसिली यांनी त्याचा अर्थ लावला तो असा: शरीराचे दुखणे, मनाचे, घरादाराचे आणि श्रद्धेचे, ही चार दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. एकावरच गोळी दिली तर बाकीची तिला कामच करू देत नाहीत. आपल्याकडे ज्या बाईने घरात कर्करोग काढलाय तिला हे वेगळे समजावून सांगायला नको.

घराची योजना 1959 मध्ये कागदावर उतरली. सिसिली यांनी ती ओळखीच्या लोकांना, पाद्र्यांना, डॉक्टरांना पाठवली, टीका मागवली. मोठा वाद झाला तो धर्माचा. सिसिली श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांसमोर एका पंथाचा आश्रमच होता. चर्चेत तो विचार मागे पडला. पाया ख्रिस्ती राहील, पण दार कुठल्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्यालाही उघडे राहील, असे ठरले. पहिली देणगी एका ज्यू माणसाची होती, हे इथे विसरून चालणार नाही.

1961 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था धर्मादाय म्हणून नोंदली गेली. ख्रिस्तोफर हा वाटसरूंचा संत, म्हणून ते नाव. मग पैशाची वणवण. लंडनच्या जुन्या धर्मादाय संस्थांचे उंबरे झिजवणे, पत्रे, भाषणे, चर्चमधल्या सभा, अमेरिकेचे दौरे. किंग एडवर्ड्स हॉस्पिटल फंडाने हातभार लावला आणि दक्षिण लंडनमध्ये सिडनम इथे जागा मिळाली. 1965 मध्ये बांधकाम सुरू झाले तेव्हाही पुरते पैसे हाती नव्हते. बाईंचा स्वभाव हट्टी, प्रसंगी हुकूम सोडणारा. सोबतच्यांना त्याचा त्रासही व्हायचा. पण तो हट्ट नसता तर इमारत अर्धीच राहिली असती, असे म्हणायला जागा आहे.

जुलै 1967 मध्ये 54 खाटांचे सेंट ख्रिस्तोफर्स सुरू झाले. दर्शनी भागात तास्मांची खिडकी होतीच. आतली व्यवस्था मात्र रुग्णालयापेक्षा घराच्या जवळची. खाट ढकलत बागेत नेता यायची. काम करणाऱ्या नर्सच्या मुलांसाठी आवारातच बालवाडी होती, त्यामुळे मरणाच्या दारातल्या माणसाला खिडकीतून खेळणारी पोरे दिसायची. नातेवाइकांना दिवसभर येण्याची मुभा होती, फक्त सोमवारी बंदी. ही बंदी बरीच शहाणपणाची. आठवड्यातून एक दिवस घरच्यांनी न येता विश्रांती घ्यावी, आणि आपण गेलो नाही अशी टोचणी त्यांना लागू नये, म्हणून संस्थेनेच दार लावायचे. पेशंट गेल्यावरही घरच्यांची विचारपूस चालू राहायची.

आणि सुरुवातीपासून होते ते स्वयंसेवक. आसपासची माणसे फुले लावायला, चहा द्यायला, गाडीने ने-आण करायला, नुसते शेजारी बसायला यायची. सरकारी आरोग्यसेवेकडून खर्चाचा एक भाग मिळे, उरलेला लोकांकडून. सिसिली यांनी संस्था मुद्दामच सरकारी यंत्रणेबाहेर ठेवली. आपल्या पद्धतीने काम करायची मोकळीक हवी आणि शिकलेले मात्र सगळ्या रुग्णालयांत पोचायला हवे, असा त्यांचा हिशेब. पैशाची काळजी त्यामुळे कायमची मागे लागली, हेही खरे. आजही ब्रिटनमधली बहुतेक हॉस्पिसं धर्मादाय आहेत. गावातल्या बाजारपेठेत त्यांची जुन्या कपड्यांची, भांड्यांची, पुस्तकांची दुकाने असतात. लोक घरातल्या वस्तू आणून देतात, काउंटरवर निवृत्त शेजारी फुकट बसतात, आणि त्या विक्रीतून नर्सचे पगार निघतात.

1969 पासून सेंट ख्रिस्तोफर्सच्या नर्स पेशंटच्या घरी जाऊ लागल्या. बहुतेकांना स्वतःच्याच घरात मरायचे असते, हे ओळखून. पुढे हॉस्पिस या शब्दाला इमारतीपेक्षा सेवेचा अर्थ आला तो यामुळे.

हे लोण आपल्याकडे यायला वेळ लागला. 1986 मध्ये टाटा मेमोरियलचे कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सुरू केले. देशातले हे पहिले हॉस्पिस मानतात. त्याचीच शाखा गोव्यात लोटलीला आहे आणि तिथेही पेशंटकडून पैसे घेतले जात नाहीत. हैदराबादमध्ये बंजारा हिल्सच्या रोटरीवाल्यांनी 2011 मध्ये स्पर्श हॉस्पिस उभे केले. केरळची वाट थोडी वेगळी. सिसिली यांच्याकडे मॉर्फिनवर संशोधन केलेले रॉबर्ट ट्वायक्रॉस पुढे ऑक्सफर्डला शिकवत. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळीकोडला 1993 मध्ये दवाखाना सुरू केला. तिथून गावोगावी शेजाऱ्यांची जाळी विणली गेली, महिन्याला थोडे थोडे पैसे काढून शेजारच्या पेशंटची काळजी घेणारी. अडचण होती ती मॉर्फिनचीच. अफू आपल्या देशात पिकते, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे दुकानदार ते ठेवायला धजत नसत. 2014 मध्ये कायदा सुधारला. औषध तालुक्यापर्यंत पोचणे अजून बाकी आहे.

सिसिली यांना 1979 मध्ये डेम हा किताब मिळाला, 1989 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. लग्न त्यांनी केले ते 1980 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, मारियान बोहूश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी. त्यांचे एक चित्र लंडनच्या गॅलरीत बघून सिसिली यांनी ते हॉस्पिससाठी विकत घेतले होते, ओळख तिथून. डेव्हिड तास्माही पोलंडचे, नवराही पोलंडचा. हॉस्पिसच्या भिंतींवर मारियान यांची चित्रे लागली. 1995 मध्ये ते गेले, तेही सेंट ख्रिस्तोफर्समध्येच. शेवटच्या काळात त्यांची सेवा बाईंनीच केली.

इच्छामरणाच्या कायद्याला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला. वेदना आवरता येते आणि माणसाला आपण कुणावर ओझे आहोत असे वाटू न देणे हे समाजाचे काम आहे, ही त्यांची बाजू. सगळ्यांना ती पटली असे नाही. हा वाद आजही ब्रिटनच्या संसदेत चालू आहे.

1985 मध्ये वैद्यकीय संचालकपद सोडल्यावरही त्या रोज तिथे असायच्या. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. 14 जुलै 2005 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्या गेल्या. सिडनमला, आपल्याच हॉस्पिसच्या वॉर्डात, पेशंट म्हणून.