विल्यम ग्लास आणि सहावे कलम

इतिहासाच्या पुस्तकांत राजेमहाराजे पुष्कळ भेटतात. मला भावला तो एक साधा कॉर्पोरल. त्याचे नाव विल्यम ग्लास, स्कॉटलंडमधील केल्सो गावचा.

१८१६ साली नेपोलियन सेंट हेलेनावर बंदिवासात होता. त्याच्या सुटकेसाठी कोणी ट्रिस्टन दा कुन्हा बेटाचा उपयोग करू नये, म्हणून इंग्रजांनी तेथे लष्करी ठाणे बसविले. दोन्ही बेटांत अंतर सुमारे २४०० किलोमीटर! १८१७ मध्ये ठाणे उठले. ग्लास मात्र पत्नी मारिया व मुलांसह तेथेच राहिला. सोबतीला दोन गवंडी.

७ नोव्हेंबर १८१७ रोजी या भागीदारांचा करार झाला. मालमत्ता, नफा, खरेदीचा खर्च सर्वांचा सारखा; कोणी वरचढपणा करायचा नाही. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते सहावे कलम. बायकोमुलांपायी ग्लासवर जादा खर्च पडू नये, असे त्यात ठरले. समता म्हणजे नुसता भागाकार नव्हे, हे त्या गवंड्यांनी ओळखले होते.

पुढे खलाशी येऊन राहिले, १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून स्त्रिया आल्या, संसार वाढले. ग्लास १८५३ मध्ये वारला. नंतर त्याच्या कुटुंबातील बहुतेक मंडळी अमेरिकेस गेली. तरीही ग्लास हे आडनाव बेटावर आजही आहे, आणि जमीनही सर्वांच्या सामाईक मालकीची आहे.

स्नेहसंमेलनाची वर्गणी सर्वांना सारखी लावताना आपणही ते सहावे कलम आठवावे, असे मला वाटते.