पाळकांनी अडवलेली अँजेलिना



बायकांनी मंडळीत बोलावं की नाही, हा वाद आपल्याकडे निघाला की मला अँजेलिना ग्रिम्की आठवते. १८०५ साली अमेरिकेत चार्ल्सटन शहरी, गुलाम बाळगणाऱ्या न्यायाधीशाच्या घरी ती जन्मली. गुलामांचे हाल तिनं घरातच पाहिले. थोरली बहीण सारा हिच्या पाठोपाठ ती फिलाडेल्फियाला गेली नि क्वेकर झाली. १८३६ मध्ये तिनं दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना गुलामगिरीविरुद्ध उभं राहा म्हणून पत्रक लिहिलं. दोघी सभांतून बोलू लागल्या, तेव्हा १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पाळकांनीच त्याविरुद्ध पत्र काढलं. गुलामासाठी बोलायचं तर बाईला आधी बोलण्याचा हक्क हवा, हे दोघींनी मग ठासून मांडलं. १८३८ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हानिया हॉलवर दगड पडत होते, तरी अँजेलिना बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी जमावानं हॉलच जाळला.

आपल्या भावाला गुलाम स्त्रीपासून मुलगे झालेत, हे तिला १८६८ मध्ये कळलं. लाज न बाळगता तिनं भाचे म्हणून त्यांना जवळ केलं, शिक्षणाला हातभार लावला. त्यातला फ्रान्सिस पुढं पाळक झाला. १८७९ मध्ये ती वारली.

आपल्या मंडळीत एखादी भगिनी बोलायला उभी राहिली, तर आधी तिचं ऐकून तरी घेऊ या.

– एक भगिनी, बेळगाव